दुखेपर्यंत चाला, मग थांबा

आमच्या रुग्णालयात माझ्या दोन ओळखी होत्या. कागदावर मी फिजिओथेरपिस्ट, आणि ओपीडीच्या रांगेत 'वो मैडम, जो दर्द में और चलवाती हैं.' दुसरी ओळख जास्त खरी होती. पोटरी दुखते म्हणून लोक डॉक्टरांकडे येत, डॉक्टर त्यांना माझ्याकडे पाठवत, आणि मी सांगत असे, दुखेपर्यंत चाला. काही जण तिथूनच परत फिरत. एकदा एक ठेकेदार गृहस्थ तावातावाने म्हणाले, "मैडम, चलने से ही तो दर्द होता है! चलना ही इलाज होता तो मैं यहाँ क्यों आता?" प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर द्यायला मला तीन महिने लागत, आणि तेवढं थांबायची बहुतेकांची तयारी नसे. ठेकेदारही पुन्हा दिसले नाहीत.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. जन्म, शाळा, सासर, नोकरी, सगळं तिथेच. आमचे कोणी पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले म्हणतात. घोडदळात होते, असं वडील सांगायचे. घोडा मात्र आमच्या घरात कोणीच पाहिलेला नाही. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात, आणि आम्ही त्यांना हसू देतो. नोकरीची सालं, बढत्या, बदल्या इथे सांगत बसत नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण पायांबद्दल सांगण्यासारखं आहे.

पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या काही लोकांच्या आतून अरुंद होत जातात. तंबाखूने, मधुमेहाने, रक्तदाबाने, वयाने. माणूस बसलेला असला की पोटरीच्या स्नायूला येईल तेवढं रक्त पुरतं. चालायला लागला की त्याच स्नायूला कितीतरी पट प्राणवायू लागतो, आणि अरुंद नळीतून तो येत नाही. स्नायू मग थोडा वेळ प्राणवायूशिवाय भागवून बघतो. ते फार चालत नाही. आत आम्ल साचतं, पोटरी कोणी मुठीत आवळल्यासारखी होते आणि माणूस जागच्या जागी थांबतो. दोन-चार मिनिटं उभा राहिला की साचलेलं धुऊन निघतं, दुखणं जातं. पुन्हा चालतो, आणि साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा थांबतो.

अशी माणसं रस्त्यात थांबायला लाजतात. माझ्याकडे येणारे एक वयस्क विधुर गृहस्थ रोज नया बाज़ारातल्या एकाच बांगड्यांच्या दुकानासमोर थांबायचे, कारण त्यांची पोटरी नेमकी तिथे आवळायची. काही करत नाही असं दिसू नये म्हणून ते बांगड्या बघत राहायचे. गोष्ट सुनेच्या कानावर गेली, घरात केवढा गोंधळ झाला, आणि शेवटी सुनेनेच त्यांना रुग्णालयात आणलं. सासऱ्याच्या पायाचा आजार निघाला याचा तिला इतका आनंद झाला, की मलाच तिला सांगावं लागलं, अगं, हा आजारही काही साधा नाही.

आमच्या विभागात चालायचं यंत्र एकदा आलं होतं. ते वर्षभर चाललं, नंतर दुरुस्तीच्या कागदांसकट कोपऱ्यात उभं राहिलं. म्हणून मी हाडांच्या वॉर्डामागचा गलियारा, म्हणजे लांब बोळ, धरला. चाळीस मीटर लांब, सपाट, आणि सकाळी सात ते नऊ रिकामा. शिंप्याकडून फीत आणून मी तो मोजला, दर पाच मीटरवर भिंतीवर खडूने रेघ मारली, आणि दोन टोकांना दोन बाकं ठेवून घेतली. आठवड्यातून तीन दिवस. चालायचं, पोटरी चांगली दुखू लागली की थांबायचं, दुखणं पुरतं गेलं की पुन्हा निघायचं. दुखणं मोजायला मी आण्यांचा, सोळा आण्यांच्या रुपयाचा, हिशेब ठरवला होता, कारण तो म्हाताऱ्यांना पटकन कळे. चार आणे दुखलं तर चालत राहा. आठ आणे, तरी चाला. बारा आणे झालं की थांबा. रुपयाभर होऊ द्यायचं नाही.

कदम सर या माझ्या एका रोग्याबद्दल सांगण्याआधी मला दाल बाज़ारच्या अम्माजींबद्दल सांगितलं पाहिजे. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

अम्माजी मधुमेहाच्या जुन्या रोगी. धान्याच्या दुकानामागे घर, गोल चेहरा, मोठा आवाज. माझ्या गलियाऱ्यातली सर्वांत उत्साही बाई. "एक चक्कर और, मैडम?" असं स्वतःच विचारायच्या. थंडीचे दिवस होते, त्या लोकरीचे मोजे घालून यायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं अंतर वाढलं म्हणून मी खूश होते. चौथ्या आठवड्यात त्या बाकावर बसल्या आणि मला वास आला. मोजा काढला तर करंगळीखाली चप्पल घासून झालेली जखम काळी पडलेली. मधुमेहाने त्यांच्या तळव्यांची जाणीव गेली होती; त्यांना काहीच कळलं नव्हतं. पोटरीचं दुखणं मी आण्यात मोजत होते, आणि त्याखालचं पाऊल एकदाही उघडं करून पाहिलं नव्हतं.

गुडघ्याखाली पाय कापावा लागला. वॉर्डात भेटायला गेले तेव्हा त्या माझा हात धरून म्हणाल्या, "आपने तो चलना सिखाया था बेटा, मैंने ही नीचे नहीं देखा." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली बघणं माझं काम होतं.

तेव्हापासून माझ्याकडे कोणीही आलं तरी आधी बूट-मोजे काढायचे, मी खाली बसून बोटांच्या बेचक्या बघायच्या, मग चालायचं. पावलावर जखम असेल किंवा आडवं पडल्यावरही पाय दुखत असेल, तर चालणं बंद आणि थेट सर्जनकडे. हा नियम मी नोकरी संपेपर्यंत एक दिवसही मोडला नाही. अम्माजींना त्याचा काही उपयोग झाला नाही, हेही मला माहीत आहे.

कदम सर पुढच्या वर्षीच्या थंडीत आले. दौलतगंजला राहणारे, मुलांच्या शाळेत पीटीचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले, ताठ पाठीचे. वय सत्तरीच्या आसपास. उजव्या मांडीतली धमनी लांबपर्यंत बंद होती. हृदयाचा एक झटका येऊन गेलेला, म्हणून सर्जन ऑपरेशन करायला कचरत होते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, तीन महिने व्यायाम, मग बघू.

मी त्यांच्या दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. निरोगी माणसात दोन्ही जवळपास सारखे असतात. सरांच्या उजव्या घोट्याचा दाब दंडाच्या निम्म्याच्या जरा वर होता. चालवून पाहिलं तर शंभर मीटर व्हायच्या आत पोटरी आवळली.

"सिगरेट?" मी विचारलं.

"दिवसाला आठ-दहा."

"पोरांना मैदानात पळवायचात तेव्हाही?"

"झाडाआड," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांची मान खाली गेली.

मी सांगितलं, सर, सिगरेट आणि माझा गलियारा, दोन्ही चालणार नाहीत. धुराने धमन्या आणखी आवळतात. मी एकीकडे शिवत जाणार आणि तुम्ही दुसरीकडे उसवत जाणार. ते बरं म्हणाले. मला खरं वाटलं नाही. दहा दिवसांनी त्यांच्या स्वेटरला वास आला तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी, वार नसताना, सात वाजता दाराशी उभे. "आज तुमचा दिवस नाही," मी म्हटलं. "माहीत आहे. पाकीट फेकलं, हे सांगायला आलो." त्यानंतर मला कधी वास आला नाही.

पण त्याआधी, तिसऱ्याच दिवशी, एक गोष्ट घडली होती. सर चालत होते आणि मी दर फेरीला विचारत होते, किती? "चार आणे." पुढच्या फेरीला, "सहा आणे." त्याच्या पुढच्या फेरीला, "आठ." चेहरा पांढरा पडलेला, ओठ मिटलेले, उजवा पाय लाकडासारखा ओढत होते. मी "थांबा" म्हणायला आणि त्यांचा गुडघा दुमडायला एकच गाठ पडली. भिंतीला धरून ते खाली बसले.

मी चिडले. अम्माजींनंतर माझा धीर तसाच कमी झाला होता. "सर, दुखणं लपवून मला काय दाखवताय? मी काही बक्षीस देणार आहे का?"

"बत्तीस वर्षं मी पोरांना एकच सांगत आलो, ताई. मध्ये थांबायचं नाही."

"इथे थांबायचंच असतं. थांबणं हाच अर्धा व्यायाम आहे."

"मला थांबून चालणार नाही," ते म्हणाले. मला वाटलं, हा मास्तरकीचा ताठा आहे. मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा ते बाकावर बसले, आणि पोटरी चोळत चोळत त्यांनी मला घरची गोष्ट सांगितली.

त्यांच्या पत्नी मालतीबाई मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होत्या. गेल्या तीन वर्षांत त्यांची आठवण जात चालली होती. नवरा कधी ओळखू येई, कधी नाही. मुलगा पुण्याला नोकरीत, इथे दोघंच. आणि रोज सकाळी साडेदहा वाजले की मालतीबाई पर्स उचलून शाळेत जायला निघायच्या.

"तर काय झालं ताई, की महिन्याभरापूर्वी मी दाढी करत होतो आणि दार उघडं राहिलं. बाहेर येऊन बघतो तर ती गल्लीच्या तोंडाशी. मी तसाच धावलो. वीस पावलं धावलो, मग चाललो, आणि औषधाच्या दुकानापाशी पाय दगड झाला. ती समोर दिसत होती हो. निळ्या साडीत. झपझप चालली होती, तिची चाल आजही तशीच आहे. मी आवाज दिला, मालती! तिनं वळून पाहिलं नाही. आजूबाजूला माणसं होती, पण त्यांना काय सांगू, माझी बायको हरवते आहे तिला पकडा? ती दिसतेय, जातेय, आणि मी खांबाला धरून उभा. मग दिसेनाशी झाली."

दोन तासांनी एका ऑटोवाल्याने त्यांना घरी आणलं. पर्समध्ये वीजबिल होतं, त्यावर पत्ता.

"कुलूप लावत नाही?" मी विचारलं.

"लावतो. ती दार वाजवते. मुली वाट बघतायत म्हणते, रडते. तीस वर्षांत जी बाई एक दिवस उशिरा गेली नाही, तिला मी कोंडून ठेवू?" ते पुन्हा पोटरी चोळू लागले. मग म्हणाले, "मला तिच्याबरोबर शाळेपर्यंत जायचं आहे आणि परत यायचं आहे. बस. धमनी उघडो न उघडो."

तोपर्यंत मी त्यांचे मीटर मोजत होते. आता नेमकं काय मोजायचं ते मला कळलं. शाळा नया बाज़ारच्या पलीकडे, मालतीबाईंच्या चालीने पंधरा मिनिटं. सरांची पोटरी दीड मिनिटात आवळत होती.

मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. म्हटलं, एका दमात पंधरा मिनिटं होतील असं मी सांगत नाही. पण दीडची पाच झाली तर मध्ये दोनदा थांबून पोचाल. त्यासाठी माझं ऐकावं लागेल. बारा आणे म्हणजे बारा आणे, खोटं बोलायचं नाही.

त्यानंतर त्यांनी खोटं सांगितलं नाही. थांबायला शिकणं मात्र त्यांना सिगरेटपेक्षा जड गेलं. पोटरी आवळली की ते भिंतीपाशी उभे राहत, हात मागे बांधून, जणू कोणी वर्गाबाहेर काढलं आहे. कधी दोन मिनिटं, कधी पाच. मग पुन्हा. तासाभरात ते बारा-पंधरा वेळा थांबत. दुसरे रोगी गप्पा मारत, चहाची आठवण काढत. सर कोणाशी बोलत नसत. भिंतीवरची रेघ बघत, आणि निघत.

या काळात मालतीबाईंजवळ शेजारच्या मिश्रा भाभी बसत. महिन्याने भाभी गावी गेल्या तेव्हा सर पत्नीला घेऊनच येऊ लागले. पहिल्या दिवशी मी मालतीबाईंना बाकावर बसवलं. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली आणि नवऱ्याचं येणं-जाणं, थांबणं बराच वेळ पाहिलं. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात, एका शिक्षिकेने दुसरीला विचारावं तसं विचारलं, "ह्यांना कशाची शिक्षा दिलीत?"

मी म्हटलं, "शिक्षा नाही, बाई. सराव आहे."

"मग असे भिंतीकडे तोंड करून का उभे करता? मोठे आहेत ते. बरं दिसत नाही."

सरांनी ते ऐकलं. त्या दिवसानंतर ते थांबले की भिंतीकडे पाठ करून, बायकोकडे बघत उभे राहू लागले.

सहा आठवडे झाले तरी अंतर फारसं हललं नाही. माझ्या धंद्यातला हा सर्वांत वाईट काळ. अर्धे रोगी इथेच सुटतात. दुखणं रोजचं, फायदा दिसत नाही, आणि घरचे विचारतात, हे कसलं औषध? मी सरांना धीर द्यायला गेले तर ते म्हणाले, "ताई, पोरं पहिल्या महिन्यात कधीच चांगली पळत नाहीत. तुम्ही काळजी करू नका." धीर त्यांनीच मला दिला.

आणि मग आठव्या आठवड्यापासून पाय सुटू लागला. तीन फेऱ्या, चार, सहा. एका सकाळी ते खडूच्या शेवटच्या रेघेवरून आठव्यांदा वळले आणि मला म्हणाले, "आत्ताशी आठ आणे." मी घड्याळ पाहिलं. साडेपाच मिनिटं झाली होती. शेजारच्या बाकावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मालतीबाईंनी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. सर हातात कागद घेऊन माझ्याकडे आले आणि तो टेबलावर ठेवला. चेहरा पडलेला. घोट्याचा दाब जिथे होता तिथेच. सोनोग्राफीत धमनी तशीच बंद.

"काहीच झालं नाही, ताई. तेवढंच रक्त येतंय. मग चाललो ते काय, मनाची समजूत?"

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. वरिष्ठांनीही. मी सरांना विचारलं, "तुमच्या घरी नळ किती वेळ येतो?"

"सकाळी तासभर. तोही रोज नाही."

"लग्न होऊन नवी सून आली की पहिल्या महिन्यात तिला ते पाणी पुरतं का?"

"नाही पुरत."

"आणि वर्षाने?"

"पुरतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "नळ तोच, तासही तोच. पण ती भांडी वाढवते, कुठलं पाणी कशाला वापरायचं ते शिकते, थेंब वाया जाऊ देत नाही. तुमच्या पोटरीने तेच केलं. स्नायूच्या पेशींत इंधन जाळणाऱ्या बारीक बारीक भट्ट्या असतात. त्या कमजोर पडल्या होत्या. आलेला प्राणवायूसुद्धा त्यांना नीट वापरता येत नव्हता. तुम्ही पुन्हा पुन्हा त्यांना तंगीत काम करायला लावलंत, त्या सुधारल्या. स्नायूत नव्या केशवाहिन्या फुटल्या. तुमची चालही बदलली, पूर्वी पाय ओढायचात, त्यात ताकद फुकट जायची. ह्यातलं काहीच ह्या कागदावर येत नाही. हा कागद फक्त नळाचा आहे."

"म्हणजे पोटरी शिकली."

"तीन महिन्यांत. आणि सोडलंत तर तेवढ्याच दिवसांत विसरेल, हेही ऐकून ठेवा."

सर्जनने ऑपरेशन पुढे ढकललं. सरांनी मला विचारलं, येत्या रविवारी याल का आमच्याबरोबर? एकदा तुमच्या नजरेखाली जाऊन यावं म्हणतो. नोकरीत मी रोग्यांच्या घरी जात नसे. त्या रविवारी गेले.

साडेदहाला मालतीबाई निघाल्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पर्स, छत्री. सर त्यांच्या डाव्या बाजूला, मी चार पावलं मागे. त्या खरोखरच झपझप चालत होत्या. मला एकच धास्ती होती: सरांना थांबावं लागेल तेव्हा त्या थांबतील का? पाच मिनिटं झाली, नया बाज़ारची दुकानं सुरू झाली, आणि मला सरांचा उजवा पाय जड होताना दिसला. मी पुढे व्हायला निघाले. तेवढ्यात सर म्हणाले, "बाई, एक मिनिट. माझ्या बुटाची नाडी सुटली."

मालतीबाई तिथल्या तिथे थांबल्या. वळून म्हणाल्या, "घरून निघतानाच नीट बांधायची असते न?"

"चुकलं, बाई."

सर एका पायरीवर बसले आणि नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. सावकाश. एकदा, दोनदा. मालतीबाई छत्री टेकून उभ्या. नावाने हाक मारली की त्या वळत नाहीत, पण 'बाई' म्हटलं की थांबतात, हे सरांनी केव्हातरी घरातच हेरलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं. तीन मिनिटांनी ते उठले. पुढे आणखी एकदा दुसरी नाडी सुटली, आणखी एकदा बोलणी बसली.

आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो. फाटक बंद, आत कोणी नाही. रविवारचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मालतीबाईंनी गज धरून आत पाहिलं. त्यांचा चेहरा गोंधळत चालला, आणि मला वाटलं, आता रडतील, आता ह्यांना इथून कसं न्यायचं?

सर म्हणाले, "बाई, आज रविवार आहे."

मालतीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग आधी सांगायचं नाही का? एवढ्या लांब चालवलंत," असं म्हणून त्या वळल्या आणि घराच्या दिशेने निघाल्या. सर त्यांच्या बाजूला. परतताना ते एकदाच थांबले.

दौलतगंजला पोचल्यावर सर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. घामाने सदरा भिजलेला. मी विचारलं, किती? ते सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होते. मी खाली बघितलं, दोन्ही बूट काढायला लावले, पावलं तपासली आणि घरी आले.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ते दोघं रोज शाळेपर्यंत जाऊन येत होते. शाळेच्या चौकीदाराला सरांनी सांगून ठेवलं होतं. तो फाटकाशी मालतीबाईंना नमस्कार करून म्हणायचा, "आज छुट्टी है, बहनजी," आणि त्या समाधानाने वळायच्या. सरांच्या धमनीचं ऑपरेशन अजून झालेलं नाही.

मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, पण तिच्याकडे एवढे रोगी येतात की एकेकाबरोबर तास घालवणं तिला शक्य नाही. गलियाऱ्यात आता सामानाच्या खोल्या झाल्या आहेत. मी कोणाला शिकवून, लिहून, भांडून ते काम टिकवायला हवं होतं. मी फक्त ते करत राहिले आणि वेळ आली तेव्हा निघून आले. ही चूक माझी. आता आठवड्यातून तीन सकाळी मी आमच्या कॉलनीच्या पार्कात पाच-सहा जणांना चालवते. सावलीला बाक आहे, फीत माझ्याकडे आहे, आणि बूट-मोजे अजूनही आधी काढावे लागतात.

गेल्या महिन्यात कदम सरांकडे गेले होते. मालतीबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पावसाळ्यापासून त्या उठत नाहीत. बोलणंही जवळजवळ बंद. मिश्रा भाभी त्यांच्याजवळ बसल्या होत्या, आणि सर दारात बूट घालत होते. साडेदहा वाजत आले होते.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"शाळेपर्यंत जाऊन येतो."

माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यांना दिसला असावा. त्यांनी नाडी घट्ट ओढून गाठ मारली आणि उभे राहिले.

"तुम्हीच म्हणालात न ताई, सोडलं की पोटरी विसरते." त्यांनी आत पलंगाकडे पाहिलं. "आणि उद्या ती उठून निघालीच, तर?"